नकोशा किड्याचा इतिहास

घरात प्रवाळांचे मत्स्यालय सांभाळणाऱ्या लोकांमध्ये एक वाद कित्येक वर्षे चालू आहे. रात्री दिवे मालवल्यानंतर खडकाच्या भेगेतून एक गुलाबी-तपकिरी, वळ्यावळ्यांचा किडा बाहेर येतो. त्याच्या दोन्ही अंगांना राठ केसांच्या झुबक्यांची रांग असते. टॉर्चचा झोत पडताच तो आक्रसतो आणि दिसेनासा होतो. इंग्रजीत त्याला 'ब्रिसल वर्म' म्हणतात. 'ब्रिसल' म्हणजे राठ केस. हा किडा काढून टाकावा की राहू द्यावा, हा तो वाद. साहित्याच्या अभ्यासकाला हा प्रश्न घरातले झुरळ मारावे की नाही, इतकाच क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु या प्रश्नामागे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात एक रसायनतज्ज्ञ आहे, एका धर्मगुरूची पत्नी आणि तिची मोलकरीण आहे, व्हिक्टोरियन काळातले काही नामांकित लेखक आहेत आणि उतारवयातला डार्विनही आहे. निसर्गाचे चित्र काढताना आपण त्यातून कोणाला वगळतो, हा प्रश्न या साऱ्यांच्या कहाणीतून पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेतली पाहिजे. तो गांडुळाचा आणि जळवेचा नातेवाईक, म्हणजे वलयी प्राणी. प्राणिशास्त्रज्ञ त्याच्या गटाला 'पॉलिकीटा', अर्थात 'पुष्कळ केसांचे', असे म्हणतात. या गटात दहा हजारांहून अधिक जातींचे वर्णन झालेले आहे. उथळ पाण्यापासून महासागराच्या तळापर्यंत त्या सर्वत्र आढळतात. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात समुद्रातल्या एका गोमेचा उल्लेख केला आहे. ती चावत नाही, मात्र तिच्या अंगाचा कुठेही स्पर्श झाला की आग होते, असे तो सांगतो. हे वर्णन याच गटातल्या एखाद्या प्राण्याला चपखल लागू पडते. मत्स्यालयात सापडणाऱ्या बऱ्याच किड्यांचे केस चुन्याचे आणि ठिसूळ असतात. ते कातडीत मोडून राहतात आणि खाजकुइलीची कुसे टोचावीत तशी आग होते. पुढे 1758 साली लिनियसने याच गटातल्या एका केसाळ, जाड्या किड्याला 'ॲफ्रोडिटा' हे नाव दिले. सौंदर्याच्या ग्रीक देवतेचे नाव चिखलात राहणाऱ्या किड्याला! त्याच्या बाजूंच्या केसांवर उजेड पडला की निळे, हिरवे, सोनेरी रंग झळाळतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे नाव थट्टेचे वाटणार नाही. तिरस्कार आणि विस्मय या दोन्ही गोष्टी या प्राण्याच्या वाट्याला पहिल्यापासूनच आलेल्या आहेत.

आता मत्स्यालयाकडे वळू. काचेच्या बंद पेटीत जीवसृष्टी टिकू शकते, ही कल्पना आधी वनस्पतींच्या बाबतीत सुचली. 1829 साली नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरने पतंगाचा कोश बाटलीत ठेवला असता तिच्यातल्या ओल्या मातीत नेच्याचे रोप उगवले. त्यातून 'वॉर्डची पेटी' जन्माला आली. त्या पेट्यांतूनच रॉबर्ट फॉर्च्यूनने पुढे चीनमधली चहाची रोपे हिंदुस्थानात आणली. पाण्याच्या बाबतीत मात्र अडचण वेगळी होती. वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात, हे प्रीस्टली आणि इंगनहाउस यांच्या प्रयोगांमुळे अठराव्या शतकातच कळले होते. मासा आणि पाणवनस्पती एकत्र ठेवल्या की एकमेकांना जगवतील, असा हिशोब मांडणे सोपे होते. लंडनच्या अपॉथिकरीज हॉलमध्ये काम करणारा रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनतज्ज्ञ 1849 साली नेमका हाच हिशोब करून बसला. त्याने काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश सोडले आणि पट्टीसारख्या लांब पानांची एक पाणवनस्पती लावली.

काही काळ सारे ठीक चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर बुळबुळीत थर धरला. वॉरिंग्टनने तेव्हा भांड्यात पाच-सहा गोगलगाई सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि तो थर खाऊन टाकला, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी व पिले माशांच्या पोटात गेली. 1850 साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे त्याने हा प्रयोग मांडला. मत्स्यालयाच्या इतिहासात हा निबंध मूलभूत मानला जातो तो 'मासा आणि वनस्पती' या जोडीमुळे. परंतु नीट वाचले तर असे दिसते की ती जोडी एकटी अपयशी ठरली होती. प्रयोग यशस्वी झाला तो तिसऱ्या घटकामुळे, म्हणजे मेलेले खाणाऱ्या प्राण्यामुळे. काचेतल्या सृष्टीला कुजण्याचीही व्यवस्था लागते, हा वॉरिंग्टनचा खरा शोध. शोभेच्या वस्तूत रूपांतर होताना मत्स्यालय विसरले ते नेमके हेच.

समुद्राच्या पाण्याच्या मत्स्यालयाची जन्मकथाही याच विस्मरणाची साक्ष देते. ॲना थिन ही वेस्टमिन्स्टर ॲबीशी संबंधित एका धर्मगुरूची पत्नी. 1846 साली तिने टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, पाणी मोजके. ते शिळे होऊ नये म्हणून उघड्या खिडकीजवळ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ते वरून ओतत राहायचे, अर्धा-पाऊण तास, असा उपाय तिने योजला. हे ओतण्याचे काम घरातली एक लहान मोलकरीण करीत असे. काम थकवणारे होते, पण त्या मुलीला त्याची गंमत वाटे, असे ॲना थिनने लिहून ठेवले आहे. त्या मुलीला खरोखर काय वाटत होते, ते कळण्याचा मार्ग नाही. तिचे नाव या कथनात येत नाही. पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि प्रवाळ टिकून राहिले. 'स्वयंपूर्ण' म्हणून मिरवणाऱ्या या छोट्या समुद्राच्या मुळाशी एका मुलीचे दुखरे हात होते, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

यानंतर जे घडले ते एखाद्या साथीसारखे होते. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 साली उठला होता आणि काच स्वस्त झाली होती. रेल्वेमुळे किनारा जवळ आला होता. 1853 साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडले. 1854 साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे 'द ॲक्वेरियम' प्रसिद्ध झाले आणि हा शब्द घरोघर पोहोचला. चार्ल्स किंग्सलीने 1855 साली 'ग्लॉकस' हे किनाऱ्यावरच्या नवलांचे पुस्तक लिहिले. 1856 च्या उन्हाळ्यात जॉर्ज हेन्री लूइस बरण्या घेऊन इल्फ्रकूमच्या किनाऱ्यावर प्राणी गोळा करीत हिंडत होता. त्याच्यासोबत मेरियन इव्हान्स होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिने कथालेखनाला आरंभ केला आणि पुढे जॉर्ज एलियट या नावाने ती कादंबरीकार म्हणून प्रसिद्ध झाली. खडकातल्या डबक्याकडे वाकून, धीराने, कोणालाही आधीच बरेवाईट न ठरवता पाहण्याची सवय आणि तिची पुढची कादंबरी यांचे नाते शोधण्याचा मोह अभ्यासकांना होतो, तो अकारण नाही.

तथापि या काळातली नजर सर्वांवर सारखी पडत नव्हती. समुद्रफुले, रंगीत शेवाळ, पारदर्शक कोळंबी यांना दिवाणखान्यात मानाचे स्थान मिळाले. किड्यांना ते मिळाले नाही. किंग्सलीने 'ग्लॉकस'मध्ये दोरीसारख्या लांबच लांब समुद्री किड्याचे वर्णन केले आहे (तो केसाळ किड्यांपैकी नव्हे, वेगळ्या गटातला). ते वर्णन जितके सूक्ष्म आहे, तितकीच त्यातली किळस उघड आहे. सृष्टीतल्या प्रत्येक वस्तूत ईश्वराची योजना पाहणाऱ्या पिढीला कुरूप प्राण्याची योजना पचवणे जड जात असावे. मत्स्यालय हे तिच्यासाठी ईश्वराच्या ग्रंथाचे एक निवडक पान होते, आणि निवड म्हटली की गाळणे आलेच. या निवडीची किंमत किनाऱ्यांनी मोजली. गॉसचा मुलगा, समीक्षक एडमंड गॉस, याने 1907 साली 'फादर अँड सन' या आत्मकथनात खंत व्यक्त केली आहे. वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या हौशी संग्राहकांनीच ती नितळ डबकी ओरबाडून रिती केली, हे त्याने लपवलेले नाही. निसर्गप्रेमाने निसर्ग उजाड होण्याची इतकी स्वच्छ नोंद त्या काळात दुर्मीळ आहे.

मेलेले खाऊन जगणाऱ्यांची बाजू मांडणारा मोठा वकील आला तो जमिनीवर. 1881 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, चार्ल्स डार्विनने गांडुळांवर पुस्तक प्रसिद्ध केले. या विषयावरचा त्याचा पहिला निबंध 1837 सालचा. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षे हा माणूस गांडुळांकडे पाहत होता. इंग्लंडच्या कित्येक भागांत गांडुळे दर वर्षी एकरी दहा टनांहून अधिक माती आपल्या शरीरातून वर आणतात, असा त्याने हिशोब केला. हिरवळीवर विष्ठेचे ढीग घालणारा उपद्रव म्हणून माळी ज्याच्याकडे पाहत, तो प्राणी त्या हिरवळीखालच्या मातीचा कर्ता आहे, हे त्याने दाखवले. ही दृष्टी जमिनीवर रुजली. काचेतल्या समुद्रापर्यंत पोहोचायला तिला आणखी शंभर वर्षे लागली.

कारण मधल्या काळात मत्स्यालयाचा आदर्शच बदलला होता. विसाव्या शतकाच्या मध्यावर घरगुती सागरी मत्स्यालय म्हणजे धुऊन, उकळून, ब्लीचमध्ये पांढरी केलेली प्रवाळांची हाडे आणि त्यांच्या पार्श्वभूमीवर रंगीत मासे. स्वच्छता म्हणजे निर्जंतुकता, असे समीकरण त्यामागे होते. या समीकरणाला 1961 साली जकार्तामधल्या ली चिन एंग यांनी धक्का दिला. 'ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट' या अमेरिकी मासिकात त्यांनी आपली पद्धत मांडली: समुद्रातून आणलेले सजीव खडक, वाळू, सूर्यप्रकाश, हवेचे थोडे बुडबुडे, आणि बाकी सारे समुद्रावर सोडून द्यायचे. या खडकांना पुढे 'लाइव्ह रॉक' असे नाव पडले. खडक स्वतः सजीव नसतो. त्याच्या छिद्राछिद्रांतून जिवाणू, स्पंज, खेकडे, शिंपले आणि किडे राहतात. माशांच्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू या खडकांवर वस्ती करतात. लींची पद्धत पाश्चात्त्य हौशींच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. बर्लिनमधल्या छांदिष्टांनी सजीव खडकांचा आधार घेतला, आणि अमेरिकेत 1986 साली जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनंतर घरगुती प्रवाळ-मत्स्यालयाची लाट आली. खडक आले आणि खडकांबरोबर, कोणी न बोलावता, ब्रिसल वर्म आला.

त्याचे स्वागत कसे झाले असेल याची कल्पना करता येईल. मालकाने पैसे मोजून आणलेल्या प्राण्यांच्या यादीत तो नव्हता. तो रात्री हिंडतो, त्याला हात लावला की आग होते, आणि सकाळी मरणपंथाला लागलेल्या प्रवाळावर तो बसलेला सापडतो. निकाल लागायला आणखी काय हवे? चिमटे आले, आमिष ठेवलेले सापळे आले, किडे खाणारे बाणखेकडे आणि सहा पट्ट्यांचे रास मासे सोडण्याचे सल्ले आले. बाणखेकडा पुढे इतर प्राण्यांवरही हात मारतो, म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर, हा अनुभव मागाहून आला. चिमट्याचीही एक गंमत आहे. या किड्यांपैकी काही जातींचे तुकडे झाले की प्रत्येक तुकड्यापासून नवा पुरा किडा तयार होतो. संहाराचा उत्साह असा वंशवृद्धीला हातभार लावतो.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाला एक ओळखीचा दोष दिसतो. घटनास्थळी हजर असलेला साक्षीदार आपण आरोपी ठरवतो. मरत्या प्रवाळावर किडा दिसला, एवढाच पुरावा आहे. प्रवाळ किड्यामुळे मरत होते, की ते मरत होते म्हणून किडा आला, हे त्या पुराव्यावरून ठरत नाही. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून रॉन शिमेक या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने हौशी वाचकांसाठी लिहिताना ही उलटतपासणी चिकाटीने केली. मत्स्यालयात सापडणाऱ्या बहुतेक केसाळ किड्यांचे अन्न म्हणजे उरलेले खाद्य, विष्ठा आणि मेलेले जीव. जिथे माशाचे तोंड किंवा माणसाचा हात पोहोचत नाही अशा भेगांतून ते ही घाण संपवतात, वाळू हलती ठेवतात. त्यांची संख्या अचानक वाढली, तर तो किड्यांचा हल्ला समजू नये. मालक गरजेपेक्षा जास्त खाद्य टाकतो आहे, एवढाच त्याचा अर्थ. किडे मारून ते अन्न नाहीसे होत नाही. ते कुजू लागते. खडकांच्या आत एकदम पुष्कळ किडे मेले, तर त्यांच्याच कुजण्याने अमोनिया वाढतो आणि ज्या प्रवाळांसाठी हा खटाटोप केला, तीच धोक्यात येतात. वॉरिंग्टनच्या भांड्यातल्या गोगलगाईंचा धडा असा दीडशे वर्षांनी पुन्हा शिकावा लागला.

मात्र येथे एका भाबडेपणापासून दुसऱ्या भाबडेपणाकडे जाण्याचा धोका आहे. सर्व केसाळ किडे निरुपद्रवी नाहीत. अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला 'हर्मोडिस' हा अग्निकिडा खरोखरच जिवंत प्रवाळ खातो. 'इनोनी' नावाचा नारिंगी, गुळगुळीत दिसणारा किडा गोगलगाई आणि शिंपल्यांचा फडशा पाडतो. 'युनिस' या वंशातले काही किडे तर हातभर लांब, जबड्यांचे शिकारी असतात. 2009 साली इंग्लंडमधल्या न्यूके येथील ब्लू रीफ मत्स्यालयात प्रवाळांची नासधूस कोण करतो याचा शोध घेताना अखेर देखावाच मोडावा लागला, आणि चार फुटांच्या आसपास लांबीचा एक युनिस बाहेर निघाला. कर्मचाऱ्यांनी त्याचे नाव 'बॅरी' ठेवले. ही बातमी जगभर गेली आणि निरपराध किड्यांवरचा संशय पुन्हा बळावला, हे वेगळे सांगायला नको. परंतु या घटनेचा खरा बोध उलटा आहे. तिथल्या लोकांनी आधी शोध घेतला, प्राणी कोणता ते पाहिले आणि मग त्याला वेगळ्या टाकीत हलवले. 'किडा' या एका शब्दाखाली हजारो जाती कोंबल्या की न्याय अशक्य होतो. नाव नेमके घेतले की तो शक्य होतो.

तेव्हा व्यवहारापुरते उत्तर अवघड नाही. किडा दिसला म्हणून काढू नये. तो कोणता आहे ते पाहावे: केसांचे झुबके अंगभर आहेत का, जबडे आहेत का, जिवंत आणि निरोगी प्रवाळावर तो वारंवार चरताना दिसतो का. शिकारी जात असेल तर सापळा लावून काढावी. नसेल तर राहू द्यावी, खडक हाताळताना हातमोजे घालावेत आणि संख्या वाढली तर खाद्य कमी करावे. भारतातल्या वाचकासाठी आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. आपल्याकडे 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, म्हणून मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या समुद्रातून प्रवाळ उचलून घरी आणण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. एडमंड गॉसची खंत आपल्या किनाऱ्यांच्या वाट्याला येऊ नये, यासाठी ते योग्यच आहे.

परदेशांत मात्र या वादाने अलीकडे एक विलक्षण वळण घेतले आहे. नको असलेले प्राणी येऊ नयेत म्हणून अनेक हौशी आता सुका किंवा कृत्रिम खडक वापरतात. त्यांचे मत्स्यालय आरंभी खरोखरच स्वच्छ असते. मग काही महिन्यांनी भेगांत घाण साचते, शेवाळ माजते, आणि सफाई करणाऱ्या प्राण्यांचा संच विकत घ्यावा लागतो. विक्रेत्यांच्या अशा संचांत ब्रिसल वर्मही मिळतात. ज्याला चिमट्याने उपटत होते, त्याला आता पैसे मोजून आणतात.

या कहाणीची माणसांच्या इतिहासाशी सरळ तुलना करण्याचा मोह टाळला पाहिजे; कोणत्याही माणसाला किड्याच्या शेजारी बसवणे हाच एक जुना अन्याय आहे. पण भाषेच्या सवयीबद्दल बोलायला हरकत नाही. घाण करणाऱ्याला सोडून ती नाहीशी करणाऱ्यालाच 'घाण' म्हणण्याची सवय मराठी वाचकाला अपरिचित नाही, आणि ती कुठे नेते हेही आपल्याला ठाऊक आहे. ॲना थिनच्या खिडकीत पाणी ओतणाऱ्या मुलीचे नाव इतिहासाने नोंदवले नाही. वॉरिंग्टनच्या निबंधातली गोगलगाय लोक विसरले. खडकाच्या भेगेतला किडा दिसला तेव्हा चिमटा शोधू लागले. नितळ पाणी पाहताना ते नितळ कोणी ठेवले, हा प्रश्न या इतिहासात दर वेळी उशिरा विचारला गेला. तो वेळेवर विचारला असता, तर काढायचे कोणाला आणि ठेवायचे कोणाला, हा वाद बहुधा उद्भवलाच नसता.